रेंडरमधल्या डब्याला वारंवार पडणारा ‘पोचा’ : कारण आणि उपाय

कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर वस्तूचा अचूक आराखडा काढण्याच्या प्रणालीत, नीटनेटके दिसणारे मॉडेल ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे काढण्याच्या प्रणालीत आणून त्याला चकचकीत स्टीलचे मटेरियल लावले, की सपाट असायला हव्यात अशा भागांवर काळसर, निमुळते पट्टे उमटतात; खटपट करून ते घालवले, तरी मॉडेलची पुढची आवृत्ती आली की पुन्हा हजर होतात. भांडी, बाटल्या, नळ, मिक्सरची भांडी अशा गुळगुळीत वस्तूंची चित्रे करणाऱ्यांना ही अडचण हटकून येते. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात ती गेल्या पावसाळ्यात एकाच कामात तीनदा आली, आणि ती कायमची का जात नाही हे तिसऱ्या वेळी कळले. ज्यांच्या कामात ती अजून येत आहे त्यांच्यासाठी सगळा शोध इथे क्रमाने लिहीत आहे.

काम तसे साधे होते. भाईंदरच्या एका भांडी कारखानदारांना तीन पुडांचा जेवणाचा डबा बाजारात आणायचा होता. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) अजून व्हायची होती, पण खोक्यावर छापायचे चित्र आधीच हवे होते. पहिले चित्र त्यांनी फोनवर उघडले, दोन बोटांनी मोठे केले आणि म्हणाले, “साहेब, झाकणाला पोचा पडलेला दाखवलाय की!” त्यांचे म्हणणे खरे होते. झाकणाच्या वरच्या सपाट भागावर, कडी अडकवण्याच्या रिव्हेटच्या भोकापासून कडेच्या गोलाईपर्यंत, एक करडी सावली पंख्याच्या पात्यासारखी पसरत गेली होती, आणि तिची एक बाजू पट्टीने आखावी तशी सरळ होती. भांडे पडून आलेल्या खऱ्या पोच्याला अशी सरळ धार कधीच नसते. ती धार हाच पहिला पुरावा होता, पण त्या वेळी माझे तिकडे लक्ष गेले नाही.

आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीने दोन दिवस दिवे हलवून पाहिले, रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) कमी-जास्त केला, चित्राचा प्रत्येक ठिपका काढताना घ्यायच्या सॅम्पलची संख्या चौपट केली. “सर, लाइट डावीकडे घेतला की डाग जातो, पण मग उजवीकडे दुसरा येतो,” असे ती म्हणाली, तेव्हा तरी मला समजायला हवे होते. दिवा बदलून एक डाग जातो आणि दुसरा येतो, तेव्हा पृष्ठभागच वाकडा असतो किंवा निदान रेंडरला, म्हणजे मॉडेलपासून चित्र काढणाऱ्या यंत्रणेला, तो वाकडा वाटत असतो.

म्हणून दिव्यांना हात लावण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. दोन्हींना मिळून पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. पहिली अशी, की मॉडेल आणि कॅमेरा जागच्या जागी ठेवून फक्त भोवतालचे एचडीआरआय चित्र, म्हणजे ज्याचा उजेड आणि प्रतिबिंब मॉडेलवर पडते ते, फिरवावे. डाग सरकत सरकत झाकणावरून निघून गेला, तर तो डाग नव्हेच, ते प्रतिबिंब आहे: आरशासारखे पॉलिश केलेले स्टील स्वतःचे काहीच दाखवत नाही, जे समोर असेल तेच दाखवते, आणि समोर अंधार असेल तर अंधार दाखवते. भांड्यांचे फोटो काढणारे छायाचित्रकार वस्तूभोवती पांढऱ्या कापडाचा तंबू उभारतात तो याचसाठी, आणि रेंडरमध्येही तोच उपाय लागू पडतो. डाग उजळ-गडद झाला, पण त्याची सीमा जागेवरून हलली नाही, तर मात्र दोष मॉडेलमध्ये आहे. दुसऱ्या चाचणीत व्ह्यू लेयरच्या मटेरियल ओव्हरराइडमधून संपूर्ण दृश्याला एकच साधे करडे मटेरियल द्यावे, किंवा त्याहून झटपट म्हणजे सॉलिड व्ह्यूमध्ये चकचकीत धातूचा मॅटकॅप (दिवे न लावता चमक दाखवणारे तयार मटेरियल) निवडून मॉडेल हळूहळू फिरवावे. रेंडर न काढतासुद्धा पोचे लख्ख दिसतात. आमच्या झाकणावर एक नव्हे, सात दिसले. बाकीचे सहा कॅमेऱ्याच्या कोनामुळे लपले होते इतकेच.

आता हे पट्टे पडतात कशामुळे ते पाहू. कॅडमध्ये झाकणाची गोलाई गणिती वक्राच्या रूपात साठवलेली असते, त्यामुळे कितीही जवळून पाहिले तरी ती गोलच राहते. ब्लेंडरसारख्या मेशवर, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीवर, चालणाऱ्या रेंडरला मात्र त्रिकोण लागतात, म्हणून त्या वक्राचे आधी त्रिकोणांत तुकडे करावे लागतात. तुकडे कितीही केले तरी ते सपाटच असतात, आणि तरीही पृष्ठभाग सलग दिसावा म्हणून त्रिकोणाच्या प्रत्येक कोपऱ्याला एक दिशा दिलेली असते, जिला नॉर्मल म्हणतात. रेंडर या तीन दिशांच्या मधल्या दिशा स्वतः काढतो आणि त्यानुसार प्रकाश परावर्तित झाल्याचे दाखवतो. ही युक्ती बुई तुओंग फोंग याने अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात काम करताना मांडली आणि १९७५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच विद्यापीठात आणि त्याच साली मार्टिन न्यूवेल याने चहाच्या किटलीचे ते मॉडेल तयार केले, जे आजही जगभर रेंडरच्या चाचणीसाठी वापरतात. गुळगुळीत भांडे ही या विद्येची जुनी परीक्षा आहे, तेव्हा आमच्या डब्याने आम्हाला नापास केले यात नवल नव्हते.

गोलाई संपून सपाट भाग जिथे सुरू होतो, त्या रेषेवरच्या बिंदूंची दिशा कोणती, हा या सगळ्यातला कळीचा प्रश्न आहे. झाकण वरून सपाट असल्यामुळे ती थेट वर असायला हवी. पण कॅडने काढलेल्या मूळ दिशा वाटेत हरवल्या, तर ब्लेंडर त्या बिंदूभोवतीच्या सर्व त्रिकोणांची सरासरी काढतो, आणि त्यांत गोलाईचे उतरते त्रिकोण असल्यामुळे दिशा थोडी बाहेर कलते. एवढ्यावर थांबले असते तर फारसे बिघडले नसते. परंतु सपाट भागाचे त्रिकोण करताना कॅडला मधे बिंदू घालण्याचे काही कारण नसते, म्हणून तो कडेवरच्या एका बिंदूपासून थेट रिव्हेटच्या भोकापर्यंत लांबलचक, सुईसारखे त्रिकोण ओढतो. मग कडेचा एवढासा कल त्या त्रिकोणाच्या पूर्ण लांबीवर पसरतो. आमच्या झाकणात ही लांबी सुमारे ४० मिलिमीटर होती; पोच्याची लांबी तेवढीच होती, आणि ती पट्टीने आखल्यासारखी धार म्हणजे त्याच त्रिकोणाची बाजू होती. वायरफ्रेम (त्रिकोणांच्या कडा दाखवणारे दृश्य) चालू करून पाहिल्यावर दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसले.

गोलाईचे तुकडे किती पडतात हेही इथे महत्त्वाचे ठरते, आणि त्याचा हिशेब कागदावर एकदा जरूर करून पाहावा. आमच्या डब्याचा व्यास १२० मिलिमीटर होता. मेश करताना पृष्ठभागापासूनचे कमाल अंतर ०.१ मिलिमीटर धरले, तर एवढ्या मोठ्या वर्तुळाचे सुमारे ५५ तुकडे पडतात आणि डब्याचे अंग दिसायला ठीक दिसते. पण तेच ०.१ मिलिमीटर झाकणाच्या कडेच्या १ मिलिमीटर त्रिज्येच्या फिलेटला, म्हणजे गोल केलेल्या कडेला, लावले, तर ९० अंशांच्या त्या वळणाचे फक्त दोनच तुकडे होतात. अंतराची अट मोठ्या वक्रांना पुरते, बारीक फिलेटला पुरत नाही. त्याला कोनाची अट लागते. एका तुकड्याला १० अंशांपेक्षा जास्त वळायचे नाही असे ठरवले, की त्रिज्या कितीही लहान असली तरी त्याच वळणाचे नऊ तुकडे पडतात. कॅडच्या प्रणालींपैकी राइनोमध्ये मेशच्या तपशीलवार पर्यायांत ही अट ‘मॅक्झिमम अँगल’ या नावाने, फ्यूजनमध्ये ‘नॉर्मल डेव्हिएशन’ या नावाने आणि फ्रीकॅडमध्ये ‘अँग्युलर डेव्हिएशन’ या नावाने सापडते. नावे वेगळी असली तरी वस्तू एकच आहे.

या ठिकाणी अनेकजण ठराविक कोनापेक्षा तीक्ष्ण कडा वेगळ्या ठेवण्याची सोय वापरतात. जुन्या ट्युटोरियलमध्ये दाखवलेली ‘ऑटो स्मूद’ ही खूण ब्लेंडर ४.१ पासून, म्हणजे मार्च २०२४ पासून, तिथे राहिलेली नाही. तिच्या जागी ‘स्मूद बाय अँगल’ हा मॉडिफायर (मूळ मेश न बदलता त्यावर लावायची क्रिया) आला आहे. परंतु आपल्या पोच्यावर त्याचा उपयोग होत नाही, आणि का होत नाही ते समजून घेतले तर बराच वेळ वाचतो. दोन तुकड्यांच्या फिलेटमध्ये सपाट भाग आणि पहिला तुकडा यांच्यातला कोन साडेबावीस अंशांचा, तर दोन तुकड्यांमधला कोन ४५ अंशांचा असतो. मॉडिफायरची मर्यादा सुरुवातीला ३० अंशांवर असते. म्हणजे फिलेटच्या मधोमध, जिथे नको तिथे, धार येते आणि सपाट भागाच्या सीमेवर, जिथे दिशा वेगळी ठेवायला हवी तिथे, सरासरी काढली जाते. मर्यादा कमी केली तर सगळी फिलेटच पैलूदार दिसू लागते. आमची मुलगी हा आकडा ३० वरून २०, मग २५, मग १५ असा फिरवत बसली होती. तो कितीही ठेवला तरी काहीतरी बिघडणारच होते.

ब्लेंडरच्या आतला खरा उपाय म्हणजे ‘वेटेड नॉर्मल’ हा मॉडिफायर. तो सरासरी काढताना मोठ्या क्षेत्रफळाच्या त्रिकोणांना अधिक वजन देतो, त्यामुळे झाकणाच्या सपाट भागाचे म्हणणे फिलेटच्या चिमुकल्या त्रिकोणांपेक्षा वरचढ ठरते, दिशा पुन्हा सरळ वर येते आणि पोचा निघून जातो. पहिल्या वेळी आम्ही हेच केले, जिथे डाग उरला तिथले त्रिकोण हाताने कापून नवीन कडा घातल्या, चित्र पाठवले आणि ते मंजूरही झाले.

आठ दिवसांनी निरोप आला, की डब्याची क्लिप ४ मिलिमीटर खाली घ्यायची आहे. नवीन फाइल आली, पोचे परत आले. हाताने केलेली सगळी सफाई जुन्या मेशवर होती आणि तो मेश आता रद्द झाला होता. पुन्हा दोन दिवस गेले. मग झाकणाची उंची बदलली, आणि तिसऱ्यांदा तेच. तेव्हा मी सफाई थांबवून फाइल कुठून आणि कशी येते ते पाहायला घेतले.

कारखान्याचे डायचे डिझायनर सॉलिडवर्क्स या कॅड प्रणालीत काम करत होते आणि दर वेळी आम्हाला एसटीएल फाइल पाठवत होते. त्यांची काही चूक नव्हती. नमुना थ्रीडी प्रिंट करून घ्यायला तीच फाइल लागते, म्हणून तीच आम्हालाही येत होती. हा प्रकार १९८७ च्या सुमारास थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीच्या प्रिंटरसाठी तयार झाला, आणि प्रिंटरला फक्त आकार हवा असतो. तिच्यात प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोपरे आणि त्या संपूर्ण त्रिकोणाची एकच दिशा असते. कोपऱ्यागणिक दिशा साठवायला जागाच नसते. एककसुद्धा नसते, म्हणून १२० मिलिमीटरचा डबा ब्लेंडरमध्ये १२० मीटरचा होऊन उतरतो आणि आयात करताना स्केल ०.००१ द्यावे लागते. कॅडला माहीत असलेल्या योग्य दिशा अशा प्रकारे भाईंदरहून निघतानाच गळून पडत होत्या आणि आम्ही अंधेरीत बसून त्या अंदाजाने पुन्हा बसवत होतो.

म्हणून उपाय दोन टप्प्यांत केला. पहिला टप्पा केवळ एका फोनचा होता: एसटीएलऐवजी स्टेप फाइल पाठवा. आयएसओ १०३०३ या मानकाच्या या फाइलमध्ये त्रिकोण नसून मूळ वक्र पृष्ठभागच येतात, त्यामुळे त्यांचे तुकडे किती आणि कसे करायचे हे आपल्या हातात राहते. ब्लेंडर ती थेट उघडत नाही. आम्ही ती राइनोमध्ये उघडतो, कोन १० अंश आणि अंतर ०.०२ मिलिमीटर ठेवून मेश करतो आणि नॉर्मल साठवण्याची खूण लावून ओबीजे फाइल काढतो. राइनो नसेल तर फ्रीकॅडमधूनही मेश करता येतो. दिशा खरोखर आल्या की नाही याची खात्री करायला वेगळे साधन लागत नाही, कारण ओबीजे ही साधी मजकूर फाइल आहे. ती नोटपॅडमध्ये उघडावी आणि खाली जात राहावे. व्ही या अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी बिंदूंच्या असतात, व्हीएन या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळी दिशांच्या. व्हीएनच्या ओळी नसतील, तर पुढे ब्लेंडरमध्ये काहीही केले तरी ते अंदाजाचेच काम असेल.

आलेल्या दिशा नंतर आपल्याच हाताने नष्ट होणार नाहीत याची काळजी मात्र घ्यावी लागते, आणि आम्ही इथेही एकदा फसलो. मेश आणल्याआणल्या ‘मर्ज बाय डिस्टन्स’ ही जवळजवळचे बिंदू जोडणारी आज्ञा चालवण्याची सवय अनेकांना असते, मलाही होती. या आज्ञेचे सुरुवातीचे अंतर ०.१ मिलिमीटर असते. वस्तू खऱ्या मापात असेल आणि कडेला ०.५ मिलिमीटरची फिलेट असेल, तर १० अंशांच्या तुकड्याची लांबी जेमतेम ०.०८७ मिलिमीटर भरते. म्हणजे शेजारचे बिंदू एकमेकांत विरघळतात, फिलेटच कोसळते आणि पोच्याच्या जागी चक्क चेमटलेली कड मिळते. दिशा फाइलमधूनच आलेल्या असतील, तर बिंदू जोडण्याची गरजच नसते. जोडायचेच असतील, तर अंतर ०.००१ मिलिमीटर करून जोडावेत. तसेच मेशच्या डेटामधला ‘क्लिअर कस्टम स्प्लिट नॉर्मल्स’ हा पर्याय दाबू नये, आणि अशा मेशवर वेटेड नॉर्मल पुन्हा लावू नये, कारण तो आलेल्या खऱ्या दिशा बाजूला सारून स्वतःच्या घालतो.

दुसरा टप्पा ब्लेंडरमधल्या मांडणीचा होता. झाकण, अंग, क्लिप, कडी हे भाग वेगवेगळे ऑब्जेक्ट म्हणून ठेवले आणि मेशवर हाताने काहीही करायचे नाही असा नियम घातला. नवीन आवृत्ती आली, की जुन्या ऑब्जेक्टला नवीन मेश डेटा जोडायचा. मॉडिफायर ऑब्जेक्टवर असल्यामुळे ते तसेच राहतात, जागा आणि फिरवणही बदलत नाही. मटेरियल तेवढे पुन्हा तपासून घ्यावे लागते. हाताने मेश साफ केल्याशिवाय चैन पडत नसेल, तर ती सफाई पुढच्या आवृत्तीत वाया जाणार हे धरूनच करावी. मी माझ्यापुरती ती सोडून दिली आहे.

एवढे सगळे करूनही झाकणाच्या कडेला एक बारीक खोट उरली होती, आणि ती मेशची नव्हती. सपाट भागावरून गोलाईत उतरताना दिव्याच्या प्रतिबिंबाची रेघ एकदम मोडत होती. पायधुनीजवळच्या तांबाकाट्यावरून एक साधा स्टीलचा डबा विकत आणला होता, तो ट्यूबलाइटखाली धरून पाहिला. ट्यूबची पांढरी रेघ झाकणावरून कडेकडे येताना आधीच किंचित झुकू लागते, मग वळते आणि अंगावर उतरून बारीक होत जाते. ती मोडते असे कुठेच वाटत नाही. खऱ्या डब्याची कड बफिंगच्या चाकाने मऊ केलेली असते. कॅडची नेहमीची फिलेट मात्र सपाट भागाला फक्त स्पर्शरेषेने जुळते, वक्रता एका क्षणात शून्यावरून पूर्ण होते, आणि मॅट प्लास्टिकवर जे कधी दिसले नसते ते आरसा पॉलिशवर दिसते. हे ब्लेंडरमध्ये दुरुस्त होत नाही. फ्यूजनमध्ये फिलेटला स्पर्शरेषेऐवजी वक्रता जुळवण्याचा पर्याय आहे, सॉलिडवर्क्समध्येही आहे, आणि डायच्या डिझायनरांनी तो आनंदाने लावून दिला. तपासण्यासाठी कॅडमधलाच, पृष्ठभागावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रतिबिंब दाखवणारा झेब्रा पट्ट्यांचा पर्याय वापरावा: सांध्यावर पट्ट्या जुळतात पण तिथे टोकदार वळतात तर वक्रता जुळलेली नाही, आणि सलग वाहत जातात तर जुळली आहे.

दिसायला सारखे, पण कारण वेगळे, असे दोन-तीन दोष या पोच्याबरोबर गल्लत करतात. एकाच जागी दोन पृष्ठभाग एकमेकांवर पडले असतील, उदाहरणार्थ पुडाचा तळ आणि खालच्या पुडाची कड अगदी एकाच पातळीवर असेल, तर काळे, दाणेदार डाग पडतात आणि कॅमेरा हलवला की त्यांचा आकार बदलतो. तिथे दोहोंत केसभर अंतर ठेवावे. उजेड आणि सावली यांच्या सीमेवरच जिन्यासारखे काळे दात दिसत असतील, तर त्रिकोण फार मोठे आहेत. ‘फेस ओरिएंटेशन’ चालू केल्यावर काही भाग लाल दिसला, तर ते पृष्ठभाग उलटे आहेत. ते एडिट मोडमध्ये शिफ्ट आणि एन दाबून सुलटे होतात.

चौथ्या आवृत्तीची स्टेप फाइल संध्याकाळी सहाला आली आणि साडेसातच्या आत मॅटकॅपवर डबा स्वच्छ दिसला. अपवाद एकच उरला आहे, वरच्या तारेच्या कडीचा. तिच्या दोन्ही वळणांवर, जिथे सरळ तार आणि वाकलेली तार हे कॅडमधले वेगळे पृष्ठभाग भेटतात, तिथे अजूनही एक फिकट कडे दिसते. तेवढ्यापुरती ती कडी मधल्या रेषेवरून राइनोमध्ये एकसंध पाइप म्हणून पुन्हा ओढून घेतो, आणि आवृत्ती बदलली की पुन्हा ओढतो. पाच मिनिटांचे काम आहे.